गणपूर्ती: दोन

नोटीस मीच टाइप केली, मीच टपालात टाकली,
एकवीस दिवस आधी, रजिस्टर्ड पोस्टानं,
जनकगंजहून जनकगंजला,
तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर.
पोस्टमन म्हणाला, बाईसाब, जीने से आवाज दे देतीं.
त्याला काय सांगायचं.
सहा वर्षं झाली, ह्या घरातला आवाज जिना चढत नाही.

आम्ही झाकणं करतो.
लोणच्याच्या बरण्यांची, मधाच्या, मालिशच्या तेलाच्या बाटल्यांची.
टोणगावकर क्लोजर्स प्रायव्हेट लिमिटेड.
बाराघाट्याला पत्र्याची शेड, दोन प्रेस, सात माणसं,
संचालक दोन, भागधारकही तेच दोन:
मी आणि त्र्यंबकभावजी.
तिसरे होते ते भिंतीवर आहेत,
ऑडिटच्या फायलींच्या वर, चंदनाचा हार घालून.

सभा बहुतेक पितृपक्षात येते.
श्राद्धाची तिथी हुकली तर सर्वपित्री आहे,
कुणाचंही, केव्हाचंही सांभाळून घेणारी.
रजिस्ट्रारकडे अशी अमावास्या नाही.
तिथे फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये,
रविवार धरून.
निगमजी हे दरवर्षी बजावतात
आणि दरवर्षी स्वतः उशिरा येतात.
कंपनी सेक्रेटरीचं आडनावच निगम,
ह्यावर हे फार हसायचे.

यंदा लाइट गेली होती म्हणून मी ताळेबंद वाचला.
एरवी नुसती सही करते, पेन्सिलीनं बाण काढलेल्या जागी.
खिडकीशी उभी राहून वाचत गेले,
मालसाठा, घसारा, येणं, देणं,
आणि टीप क्रमांक अकरा:
संचालकाकडून कर्ज. बिनव्याजी. विनातारण.
दोन लाख चाळीस हजार.
मागच्या वर्षीही तेवढेच. त्याच्या मागच्याही.
कपाटातून जुने अहवाल काढले, मागे मागे गेले,
तर आकडा पहिल्यांदा उगवतो
तो त्या वर्षी, ज्या वर्षी हे फेब्रुवारीभर आयसीयूत होते
आणि शेडवर पगार मात्र सात तारखेलाच झाले होते.
त्याच महिन्यात भावजींची जीप दारातून गेली.
आणि तेराव्याला, पंगत उठायच्या आत,
मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतं,
कंपनीचा पैसा जातो कुठे?

सभा अकराला.
भावजी पाच मिनिटं आधी उतरले,
इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःचा चहा.
गणपूर्ती दोन. झाली.
अध्यक्ष ते. सूचक मी. अनुमोदक पुन्हा तेच.
हिशेब मंजूर, एकमतानं.
हा शब्द निगमजी न हसता लिहितात, त्याचीही फी असावी.
मग शेवटचा विषय:
अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय.
मी टीप अकरावर बोट ठेवून बसले होते.
तोंड उघडलं, तर म्हणाले,
पंखा वाढवू का?
ते म्हणाले, नको.

केवायसीचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो.
चष्मा वर राहिला होता.
फोन हातभर लांब धरून त्यांनी वाचायला घेतलं,
चार. शून्य. नऊ. नऊ.
दोनदा नऊ?
दोनदा नऊ.
पुढे?
एक. सहा.
मी टाकले. हिरवी खूण आली.
दहा मिनिटांची मुदत असते, आम्हाला दीड लागलं.
उरलेल्यात कुणीच उठलं नाही.
त्यांच्या कपात माशी पडली होती,
मी तो उचलून आत नेला, दुसरा ठेवला,
साखर किती घालायची ते विचारावं लागलं नाही.

निगमजी इतिवृत्त वाचून दाखवत होते.
ऐनवेळचे विषय: काही नाहीत.
अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली.
थांबा, म्हटलं, हे कधी मानले?
मॅडम, छापीलच असतं ते, नमुन्यात.
भावजी खिडकीबाहेर बघत होते.
असू दे, म्हटलं. कुठे करू सही?